तक्त्याच्या डोक्यावरचं नाव

कासुर्डीची शहाबानो भांडगावच्या झाकणांच्या कारखान्यात आधी लाईन तीनवर उभी असायची. यवतच्या क्लासात ती दोन महिने कॉम्प्युटर शिकली, पोरींच्या बाकावर बसून, त्यांचं हसणं ऐकत. मग दोन हजार चार साली तिला ऑफिसातली खुर्ची मिळाली.

एप्रिल संपला तशी अनसाबाई ऑफिसच्या दारात आली. लाईन तीनवरच्या बायांची ती मुकादम.

"तू या डब्यापुढं बसतीस, आन् बोर्डावर परत आमचंच नाव? मोठ्या साहेबांनी लाईन बंद करायचा हुकूम काढलाय म्हंत्यात. चौदा बाया हायेत, पोरी."

शहाबानो नोटीसबोर्डापुढे जाऊन उभी राहिली. खराब मालाचा महिन्याचा तक्ता लावलेला. वर इंग्रजीत लिहिलेलं : सर्वांत जास्त रिजेक्शन, लाईन तीन. खाली प्रत्येक लाईनच्या आकड्याचा एकेक उभा खांब; पाहिलं तर सर्वांत उंच खांब लाईन एकचा!

जानेवारीत ते नाव खरं होतं, तेव्हा साचाच बिघडला होता. त्यानंतर इन्चार्ज साहेब दर महिन्याला जुनी फाईल उघडून नुसते आकडे बदलत. खांब हलायचे, नाव तसंच राहायचं. आणि पुण्याहून येणारे मोठे साहेब वाचायचे फक्त नाव.

शहाबानोने ती चूक त्यांना दाखवली. "पुढच्या महिन्यात टाईप करू की," इन्चार्ज म्हणाले. "एवढ्याशा नावानं काय आभाळ कोसळतंय?"

"चौदा घरांवर कोसळतंय, साहेब."

ती जागेवर जाऊन बसली. तक्त्याची फाईल उघडून एका रिकाम्या चौकोनात तिने फॉर्म्युला घातला, ज्या लाईनचा आकडा मोठा तिचं नाव उचलणारा. मग तक्त्याच्या शीर्षकावर क्लिक केलं, वरच्या पट्टीत बरोबरचं (=) चिन्ह दिलं, त्या चौकोनावर क्लिक केलं आणि एंटर दाबलं. तीनचा एक झाला.

मोठ्या साहेबांपुढच्या मीटिंगमध्ये पडद्यावर लाईन एकचं नाव झळकलं. इन्चार्जांचा चेहरा उतरला.

"हे कुणी बदललं? पहिल्यासारखं टाईप करा, बाई."

"मी न्हाई करायची." शहाबानोने कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. "आता नाव आकड्याला बांधलंय. जो आकडा मोठा, त्याचंच नाव येणार. तुम्हाला तीनच पायजे आसंल तर आकडा खोटा भरा, आन् खाली सही करा. मोठे साहेब हायेतच बघायला."

मोठ्या साहेबांनी चष्मा लावला. पहिल्यांदाच त्यांनी खांब पाहिले. मग जानेवारीपासूनचे सगळे कागद मागवले.

लाईन तीन वाचली. शहाबानोची खुर्ची मात्र आठवड्यात गेली. इन्चार्जांनी तिला परत लाईनवर उभं केलं.

"मला वाटलं, रडत येशील," अनसाबाई म्हणाली.

"रडू कशापायी? सरका, मावशी, जागा द्या."

डोक्याला फडकं बांधता बांधता तिने अनसाबाईला इंग्रजी एक, दोन, तीन शिकवले. तेव्हापासून दर एक तारखेला चौदा बाया आधी बोर्डापुढे थांबत. अनसाबाई सर्वांत उंच खांबाखालच्या लाईनच्या आकड्यावर बोट ठेवी, मग वरच्या नावातल्या आकड्यावर. दोन्ही जुळले म्हणजे ती मान हलवी, आणि त्यानंतरच लाईनचा पट्टा सुरू होई.