पिवळ्या नकाशाखालचा धूर

त्या सोमवारी सकाळी मी जगाचा रंगीत नकाशा घडी घालून बेलाच्या पानांशेजारी पिशवीत ठेवला. उपग्रहांनी वरून घेतलेल्या मोजमापावरून कुठल्या मुलखाच्या हवेत किती बारीक धूळ, ते त्यात रंगांनी दाखवलं होतं. उत्तरेतला गंगेकाठचा पट्टा गडद तांबडा, आपला भाग फिकट पिवळा. माझी बायको सुमन वर्षभर खोकत होती. मी बीडच्या इंटरनेट कॅफेतून छापून आणलेला तो कागद बघून माझे थोरले भाऊ, दादा, म्हणाले होते, "आपली हवा चोख हाय बे. कामाचा कंटाळा आलाय तिला."

चौसाळ्याहून अंबाजोगाईला जायचं तर मांजरसुंब्याला एसटी बदला. केजपर्यंत खड्डे मोजू नका, खिडकीही उघडू नका. केजच्या स्टँडवर भजी गरम मिळाली. सुमनने एकच खाल्लं. दम पुरला नाही.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बिडी ओढता का विचारलं. सुमन हसली. "मी कावून बिडी ओढू?" मग स्वयंपाक कशावर, असं विचारलं. घरात गॅस आहे, पण तो पाहुण्यांच्या चहापुरता. महादेवाचा नैवेद्य चुलीवरचाच, आणि रोजचा स्वयंपाक नैवेद्याचाच, हे तिने अभिमानाने सांगितलं. मी नकाशा पुढे केला.

बाईंनी तो नीट पाहिला. "हा आभाळातून काढलाय, काका. तुमच्या पत्र्याखालचा चुलीचा धूर त्याला कसा दिसणार?"

परळीला वैजनाथाचं दर्शन घ्यायचंच होतं. सोमवारी गर्दी असते, पहाटे गेलेलं बरं; आम्हाला दवाखान्यामुळे संध्याकाळ झाली. सुमन पायऱ्यांवर मधेच बसली. मी एकटा वर गेलो, बेल वाहिला, पण मागण्यासारखं काही सुचलं नाही. त्याच्यासाठीच तर ती धुरात बसत होती, आणि बसवणारे आम्ही होतो.

परतीच्या एसटीत ती म्हणाली, "गॅसवरच्या नैवेद्याने देवाला राग आला तर?"

"मी बघतो," म्हणालो.

घरी दादांना सांगितलं, आता नैवेद्य गॅसवर. ते म्हणाले, बायकोच्या खोकल्यापायी बापजाद्यांचा देव बाटवतोस. प्रसादाला येणार न्हाई, म्हणाले.

पुढच्या सोमवारी मी गॅस पेटवला आणि शिरा स्वतः हलवला. थोडा करपला. तोच महादेवापुढे ठेवला. दादांचं पान तसंच राहिलं. जेवण झाल्यावर पहार घेतली आणि चूल फोडली.