कडबाकुट्टीचं चाक

जळगावहून धुळ्याची बस, धुळ्याहून सोनगीरकडची, आणि फाट्यावर उतरून उन्हात पायी. सासरी पोचेपर्यंत माझ्यातला निम्मा जीव गेलेला असतो. पाण्याचा तांब्या हातात पडतो न पडतो, तोच ओट्यावरून जेठांचा, म्हणजे थोरल्या दिरांचा, आवाज येतो, "या मॅडम, मोटर दखी ल्या."

त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. धाकट्या सुनेनं जेठाशी वाद घालायची आमच्याकडे रीत नाही. वाढताना हो-नाही, बस्स. पण मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून मोटरीपुरती मला सूट आहे. ही सूट मी मागितली नव्हती.

मोटरीचं प्रकरण असं. भाऊंनी फोनवर कुठलातरी व्हिडिओ पाहिला. भंगारातली एक मोटर, जुन्या ट्रॅक्टरचा डायनामो आणि एक जड चाक, सगळं पट्ट्यांनी जोडलेलं. सुरुवातीला चाक हातानं फिरवून द्यायचं. मग डायनामो मोटरीला वीज देणार, मोटर डायनामोला फिरवणार, आणि वर उरलेल्या विजेवर दिवा लागणार. बाहेरून काही नको, आणि हे कायमचं चालणार. शेतावरची लाइट कधी येते, कधी जाते, त्या वैतागात माणूस असल्या गोष्टीला भुलतो, हे मला कळतं. पण जड चाक आणायचं कुठून? ते त्यांनी अक्कांच्या कडबाकुट्टीचं काढलं.

अक्का म्हणजे माझ्या जेठाणी. दारात दोन म्हशी. म्हशींचा कडबा अक्का कुट्टीत घालून, चाक फिरवून बारीक करायच्या. चाक गेल्यापासून उकिडव्या बसून कोयत्यानं तोडतात. उजवा खांदा इतका धरलाय की वेणी घालायला हात वर जात नाही. या खेपेला भाऊंच्या आधी त्यांनीच मला गाठलं आणि गोठ्यात नेलं.

"तू सांगशी तं आयकतीन," त्या म्हणाल्या. "मन्हं कोन आयकस? माले फक्त मन्हं चाक पाहिजे."

मी म्हटलं, सांगते. सांगून सांगून जिभेला फोड आलेत, त्यात आणखी एक.

यंत्र गोठ्याशेजारच्या पडवीत मांडलेलं, आणि भाऊ तिथं वाट बघत बसलेले. आमच्या आधीच त्यांनी एकदा चालवून पाहिलं असावं, कारण मोटर कोमट होती.

"भाऊ, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" मी सुरू केलं. "जेवढं घालाल त्याहून थोडं कमीच बाहेर पडणार. हात लावा मोटरीला. तापलीये ना? ती ऊब तुमच्याच विजेतून गेली."

"गरम व्हस म्हंजे जोर जास्ती शे," भाऊ म्हणाले.

मी पदरानं घाम पुसला. तेवढ्यात त्यांनी नेहमीचा हुकमी पत्ता टाकला. "एक दाना पेरा तं कणीसभर येतस. जमीन लेस कमी, देस जास्ती. मंग मोटरनीच काय घोडं मारं?"

वर्गात कुणी हे विचारलं असतं तर मी त्याची पाठ थोपटली असती. मी म्हटलं, ऊन, पाणी, शेणखत हेही मोजा. ते म्हणाले, ऊन तर फुकट आहे. फुकट असलं तरी आत जातंच ना, मी म्हटलं. मग मोटरीतही हवेतून काहीतरी जात असेल, ते म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी. माणूस मूर्ख असता तर मी केव्हाच नाद सोडला असता. हुशार आहे, हाच वैताग आहे. आणि मला खरंच फार थकवा येतो या बोलण्याचा. बस परवडली.

"बोलनं बस झायं," भाऊ म्हणाले आणि अक्कांकडे न बघताच हाक दिली, "जरासं चाक फिराव."

अक्कांनी पदर खोचला. दुखरा हात पोटाशी धरून डाव्या हातानं मूठ पकडली. चाक आधी हलेचना. मग त्यांनी सगळं अंग टाकलं, तेव्हा हललं, घरघरलं, वेग धरला. त्या बाजूला झाल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. दिवा लागला, पिवळट, पण लागला. भाऊंचा चेहरा असा खुलला की मलाच वाईट वाटलं.

"बाहेरनी एक तार तरी शे का?"

नव्हती. दिवा जरा वेळ टिकला, मग तांबडा झाला, मग गेला. चाक थांबलं.

"पट्टा सरकना," भाऊ म्हणाले. दर वेळी पट्टाच सरकतो.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात भिंतीला टेकून खांदा चोळत अक्का बोलल्या. आवाजात राग नव्हता, नुसता शीण होता. "इतलं चाक फिरावं, त्यामा आजना बठ्ठा कडबा कापाई जाता."

भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग चाकाकडे, मग कोपऱ्यातल्या बिनचाकाच्या कुट्टीकडे. मला वाटलं, झालं, तेवढ्यात सगळा कडबा कापून झाला असता हे पटलं त्यांना; यापुढे कुठलं विज्ञान नको.

त्यांनी पाना उचलला आणि यंत्रापाशी बसले. ते बघून अक्का लगबगीनं कोपऱ्यात गेल्या. कुट्टीवरचं पोतं बाजूला केलं, काढून ठेवलेली पाती पदरानं पुसायला घेतली. भाऊंनी नट सैल केले. मोटर बोटभर मागे सरकवली. नट पुन्हा आवळले आणि पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला. चांगला ताठ बसला होता.

"आते फिराव," ते म्हणाले.

अक्कांनी पाती जागेवर ठेवली, पोतं परत कुट्टीवर ओढलं आणि चाकाकडे यायला लागल्या. मी म्हटलं, तुम्ही बसा अक्का. आणि मूठ मी धरली.