सुट्टीवरचा मिस्त्री

परदेशात राहणाऱ्या माणसाकडे म्हणे किस्से खूप साठतात. माझं उलटं झालं. माझ्याकडे काही साठलं नाही, माझ्याबद्दल मात्र पुष्कळ साठलं, आणि ते सगळं नाशिकला, आमच्या घरी, वहिनीकडे! मी ब्याण्णव साली नोकरीसाठी मस्कतला गेलो. पुढची पंधरा-सोळा वर्षं दर मे महिन्यात महिनाभर घरी यायचो आणि जाताना एखादा किस्सा मागे ठेवून जायचो. वहिनी ते अजून आल्यागेल्याला सांगते. तिने सांगितल्यावर हसण्याचं सोंग करत बसण्यापेक्षा आज मीच सांगतो. शेवटचा मात्र तिला ठाऊक नाही.

*

हा पहिल्याच सुट्टीतला. मस्कतमध्ये गाडी गॅरेजला नेली की मजुरीनेच डोळे पांढरे व्हायचे. त्यामुळे शुक्रवारच्या सुट्टीला आमच्या बिल्डिंगमधले सगळे आपापल्या गाड्यांखाली आडवे झालेले असायचे. ऑइल बदलणं, प्लग साफ करणं, ब्रेकचे पॅड बसवणं मी तिथेच शिकलो. नाशिकला आलो तर पोर्चमध्ये अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुनी सेकंडहँड गाडी उभी. अण्णा नुकतेच सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते आणि त्या गाडीवर त्यांचा भारी जीव होता. तिचं सगळं काम बबन मिस्त्री करायचा. सातपूरला त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं.

मी म्हणालो, मिस्त्रीला कशाला बोलावता, मी करतो की! आणि कार्बोरेटर उघडला. गल्लीतले चारजण बघायला थांबले, तर त्यांना वर लेक्चरही दिलं. संध्याकाळी सगळं परत बसवलं तेव्हा एक स्प्रिंग आणि दोन स्क्रू उरले होते. गाडी सुरू होईना. शेवटी दादा, माझा मोठा भाऊ, स्कूटरवरून बबन मिस्त्रीला घेऊन आला. तो बराच वेळ बॉनेटमध्ये वाकून बघत राहिला. मग उरलेले स्क्रू तळहातावर घेऊन अगदी शांतपणे मला म्हणाला, "साहेब, तिकडच्या गाडीला हे लागत नाय का?"

सगळी गल्ली हसली. अण्णा तेवढे हसले नाहीत.

*

तीन-चार वर्षांनंतरची गोष्ट. बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, बाजार भरतो, तिथे आईबरोबर भाजी आणायला गेलो. परदेशात गेलेल्या माणसाच्या डोक्यातले भाव तो गेला त्या वर्षीच थांबलेले असतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मखमलाबादची एक बाई मेथी विकत होती. तिने जुडीचा भाव सांगितला आणि मी भडकलो. लूट आहे, आम्ही काय पहिल्यांदा मेथी घेतोय का, वगैरे बरंच बोललो. पगार रियालमध्ये घेणारा माणूस मेथीच्या एका जुडीसाठी तावातावाने भांडत होता!

बाईने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग मी म्हणालो त्याच भावात जुडी दिली, वर आणखी एक पिशवीत टाकली आणि आईला म्हणाली, "राहू द्या मावशी. पाहुण्यासंगं काय भाव करायचा."

मी इथलाच आहे, हे तिला सांगायला तोंड उघडलं होतं. पण तोवर आई पैसे देऊन पुढे निघाली होती. आपल्याच गावात पाहुणा म्हणून सवलत मिळाली, याची लाज मला घरी येईपर्यंत पुरली.

*

एवढ्यावर शहाणा झालो असतो तर वहिनीचं काय झालं असतं? पुढे मी दुसऱ्या टोकाला गेलो. प्रत्येक वस्तूचा भाव रियालमध्ये करून बघायची खोड लागली. चप्पल घेतली, एक रियाल! कटिंग केली, रियालसुद्धा नाही! वहिनीने माझं नावच 'रियालभाऊजी' ठेवलं.

एकदा सकाळी चहाच्या वेळी गॅस सिलिंडरवाला आला. भाव नुकताच वाढला होता. वहिनीने डब्यातून नोटा काढल्या, दादाने खिशातून थोडे घातले, आणि दोघं हळू आवाजात काहीतरी बोलत होते. मी पेपर वाचता वाचता म्हणालो, "अरे, म्हणजे जेमतेम तीन रियाल. फुकटच आहे."

दादाने सिलिंडर उचलून आत नेला. त्या वर्षी त्याच्या कंपनीत सहा महिने अर्धा पगार मिळत होता, हे मला मस्कतला परतल्यावर बायकोकडून कळलं. तिला वहिनीने सांगितलं होतं. मला कळू द्यायचं नाही, असंही बजावलं होतं.

*

मला न सांगणं हा आमच्या घरचा रिवाजच झाला होता. मी दर शुक्रवारी फोन करायचो. आई म्हणायची, सगळं ठीक. अण्णा म्हणायचे, सगळं ठीक. एका मे महिन्यात घरी पोहोचलो आणि बॅग खाली ठेवतो न ठेवतो तोच शेजारच्या काकूंनी विचारलं, आईचे टाके आता दुखत नाहीत ना? मी आईकडे बघतच राहिलो. जानेवारीत तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. आठ दिवस ती हॉस्पिटलमध्ये होती, आणि त्यातल्या शुक्रवारी फोनवर दादा मला म्हणाला होता की आई देवळात गेलीय.

मी दादावर खूप चिडलो. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

मी म्हणालो, "लगेच पैसे पाठवले असते."

"म्हणूनच नाही सांगितलं," दादा म्हणाला.

*

मला घर लागतं, पण घराला माझं काही लागत नाही, ही बोच तेव्हापासून कायमची बसली. राहता राहिली अण्णांची गाडी. कार्बोरेटरच्या फजितीनंतर मी हळूहळू सुधारलो होतो, आणि नशीब असं की दर वर्षी नेमकी माझ्या सुट्टीतच गाडीला काहीतरी बारीक खोड निघायची. कधी बॅटरीचं टर्मिनल ढिलं, कधी प्लगची वायर निसटलेली. मी शर्टाच्या बाह्या सारून उतरायचो आणि खोड शोधून काढायचो. अण्णा शेजारी खुर्ची टाकून बसायचे. गाडी सुरू झाली की मला घेऊन सोमेश्वरपर्यंत चक्कर मारायचे आणि वाटेत भेटेल त्याला सांगायचे की धाकट्याने दुरुस्त केली. पूर्ण सुट्टीतला माझा तेवढाच एक दिवस ताठ मानेने जायचा.

मी तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं! मी अण्णांना म्हणायचो, हा बबन मिस्त्री तुम्हाला फसवतो, साधी ढिली वायर त्याला दिसत नाही? एकदा तर खुद्द त्याला तोंडावर म्हणालो. तो फडक्याला हात पुसत राहिला आणि म्हणाला, "हो साहेब, राहून गेलं."

*

आता वहिनीला ठाऊक नसलेला.

ही अगदी शेवटच्या सुट्ट्यांपैकी एक. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, आणि मी आल्यावर ऑपरेशन करायचं ठरलं होतं. मला विमानाचं तिकीट दोन दिवस आधीचं मिळालं. बायको-मुलं मागून येणार होती. म्हटलं, न कळवता जाऊ, चकित करू. मुंबईहून टॅक्सीने दुपारी घरी पोहोचलो. दादा-वहिनी कामावर गेले होते, आई-अण्णा आत झोपले होते. उठवायचं जिवावर आलं. बॅग जिन्याखाली सरकवली, पोर्चमधला गाडीच्या कामाचा जुना शर्ट अंगात घातला आणि बॉनेट उघडलं. यंदाची खोड शोधू लागलो. सगळं पाहिलं, सगळं ठाकठीक! एकही वायर ढिली नव्हती.

मागे दार वाजलं. अण्णा बाहेर आले, भिंतीला हात लावत खुर्चीपर्यंत पोहोचले आणि बसले.

"मिस्त्री, आलात, बरं झालं, निरोप धाडणारच होतो," ते म्हणाले. "धाकटा परवा येतोय. नेहमीसारखी एखादी वायर ढिली करून ठेवा. पण जरा सापडेल अशी. मागच्या वर्षी बिचारा दोन तास शोधत होता."

मी मान वर केली नाही. आवाज जाड करून "बरं" म्हणालो. प्लगची एक वायर, पटकन दिसेल अशी, ओढून ढिली केली आणि बॉनेट लावलं. अण्णा आत गेल्यावर बॅग उचलली, कोपऱ्यावरून रिक्षा केली आणि दोन दिवस नाशिकमधल्याच द्वारका चौकातल्या एका लॉजवर राहिलो.

तिसऱ्या दिवशी ठरल्या वेळी घरी आलो. अण्णा पोर्चमध्येच होते.

"आलास? गाडी जरा झटके खातेय रे," ते म्हणाले. "चहा झाला की बघशील का?"