ड्रायव्हरच्या जागेवरचा कॅमेरा

जपानमधल्या शिझुओकाच्या कुनिओ हागिनोंनी अडतीस वर्षं कारखान्यात खेळण्यातल्या गाड्यांचे साचे घासले. निवृत्तीनंतर माणसाने जरा उसंत घ्यावी, तर यांनी त्याच गाड्या विकत घेण्याचा सपाटा लावला. अंगणाकडच्या खोलीत जोडायच्या गाड्यांचे चारशे बारा डबे छताला टेकले. त्यातले उघडलेले सात. "जोडली की मजा संपली," असं त्यांचं तत्त्वज्ञान. बायको तोमिए कधी म्हणाली, "अहो, जमीन खचेल," की हे फळ्यांवर पाय आपटून दाखवत. "कुठे खचलीय? इतकी वर्षं हललीसुद्धा नाही."

मग एक दिवस दारोदार फिरणारा वाळवीवाला आला. फळ्यांवर दोन टिचक्या मारून म्हणाला, "आजोबा, खालची तुळई गेलेली दिसते. खोली रिकामी करावी लागेल."

हागिनोंना दोन दिवस घास उतरेना. डबे गेले तर मागे उरणार एक नुसता पेन्शनवाला म्हातारा, याची त्यांना खरोखर भीती वाटली.

तो खरं बोलतोय का ते बघायला स्वतः फळ्यांच्या जमिनीखालच्या बुटक्या पोकळीत सरपटायला कंबर राजी नव्हती. म्हणून रिमोटच्या गाडीवर कॅमेरा बसवून ती खाली सोडायची ठरली. रबरबँडने दहा मिनिटांत झालं असतं. पण साचे घासलेला माणूस! तीन आठवडे पत्रा कापणं, कानशीने घासणं चाललं. शिवाय कॅमेरा टपावर नाही, तर ड्रायव्हरच्या जागेवर, बरोबर त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर.

"ड्रायव्हरला वाळवी शोधायची नाहीये," तोमिए म्हणाली.

"तुला यातलं कळत नाही."

"नाही कळत. फक्त परत आली की चाकं पुसून घरात घ्या."

स्वयंपाकघरातली फळी उचलून, खालच्या लोणच्याच्या बरण्या बाजूला करून गाडी उतरवली. मोबाईलवर चित्र आलं. बॉनेटचं. अर्धा तास हागिनोंनी स्वतःच रंगवलेल्या बॉनेटचं दर्शन घेतलं. शेवटी डब्यांच्या खोलीखाली गाडी एका दगडावर चढली, नाक वर करून अडकली, आणि ड्रायव्हरला प्रथमच काहीतरी दिसलं.

तुळईला लांबलचक चीर होती, जुनी. तिच्याखाली चार लोखंडी टेकू ओळीने उभे होते. एकावर सुताराने ठळक लिहिलं होतं: 'तोमिए हागिनो यांच्याकरता', आणि नऊ वर्षांपूर्वीची तारीख.

"हे कधी केलंस?"

"तुम्ही गाड्यांच्या प्रदर्शनाला गेला होतात तेव्हा. संध्याकाळी आलात ते आणखी सहा डबे घेऊन."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर टेकू तुम्हीच करायला घेतले असते. तोवर खोली खाली."

हागिनोंनी रिमोट खाली ठेवला. "बरं, वाळवीवाला आला तेव्हा तरी बोलायचंस. तीन आठवडे फुकट गेले माझे."

तोमिए बरण्या जागेवर ठेवत होती. "किती वर्षांनी काहीतरी जोडत बसला होतात," ती म्हणाली. "मध्येच मोडता कशाला घालू?"

त्या दिवसापासून हागिनो त्या खोलीत हलक्या पावलांनी जातात.