एका वाक्याचा गुण

आईची स्मरणशक्तीची चाचणी तीस गुणांची होती. शंभरातून सात-सात वजा करताना ती शहाऐंशीला अडकली. मी मनातल्या मनात एकोणऐंशी म्हटलं.

"आजी, आता मनाला येईल ते एक वाक्य लिहा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

आईने वळणदार अक्षरात लिहिलं, 'प्रमोद मला रोज सकाळी चहा करून देतो.'

प्रमोद माझा धाकटा भाऊ. तो कॅनडात राहतो, दोन वर्षांतून एकदा येतो. सहा वर्षं रोज चहा करतो तो मी.

"अहो, हे चूक आहे," मी म्हणालो.

"वाक्य पूर्ण आहे ना? खरं असायलाच हवं असं नाही," म्हणत त्यांनी एक गुण दिला. बेरीज एकोणीस झाली. ती अठराच राहायला हवी होती, असं मला क्षणभर वाटलं. आपल्याच आईचा गुण कापायला निघालो होतो मी.

रोज डोळ्यांसमोर असणाऱ्याला आठवावं लागत नाही, म्हणून तोच आधी पुसला जातो का?

घरी येऊन चहा केला. आईने घोट घेतला.

"प्रमोद, साखर कमी पडली रे."

मी अर्धा चमचा वाढवली.