झिऱ्याचा पत्ता

माझ्या आजोळी, पिशोरकडं, एक जुना दंडक आहे. मेंढरांना पाणी कुठं पाजलं असं कुणी विचारलं, तर कालचं ठिकाण सांगायचं. खोटं बोलायचं नाही, फक्त एक दिवस मागं राहायचं. विचारणाऱ्याचा मान राहतो आणि आपलं पाणीही राहतं. हा दंडक मी सहाव्या वर्षी मामाकडून शिकलो आणि पंचेचाळिसाव्या वर्षी मोडला. का, तर एका अनोळखी माणसानं मला ‘सर’ म्हटलं.

त्या वर्षी पाऊस नावापुरता पडला होता. शहर मात्र जोरात वाढत होतं. आमच्या कॉलनीपुढं आणखी तीन कॉलन्या उभ्या राहिल्या होत्या. प्रत्येक गच्चीवर काळी टाकी आणि प्रत्येक टाकीचे कान टँकरच्या हॉर्नकडं. औरंगपुऱ्यात माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की मी फोन काउंटरवर टेकवायचो, एखादी गोष्ट रंगवून सांगायचो आणि व्हिडिओ टाकायचो. मला गोष्ट सांगता येते. त्यात खोटा विनय कशाला? पण बघणारे चाळीस, त्यातले निम्मे सासरचे.

एका रविवारी मामाकडं गेलो. त्याची साठ मेंढरं त्या उन्हाळ्यात एका झिऱ्यावर जगत होती. झिरा म्हणजे कोरड्या ओढ्याच्या वाळूत खणलेला खड्डा. तळाशी पाणी पाझरतं, पण इतकं सावकाश की एक कळप पाजायला अख्खी सकाळ जाते. दुसऱ्या कळपाला ते पुरतच नाही. झिरा गेला तर मेंढरं कन्नडच्या बाजारात उभी करायची, एवढीच वाट मामापुढं उरली होती. मी घरचा, म्हणून त्यानं मला तो दाखवला.

मी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढला. मामा वाकून वाटीनं पाणी काढतोय, मेंढरं माना पुढं करून थांबलीत आणि वरून माझा धीरगंभीर आवाज. गावाचं नाव घेतलं नाही. आपण काय सावध माणूस आहोत, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ पळू लागला. दर मिनिटाला आकडा बघायचा, मान वर करायची, पुन्हा बघायचा. एका बाईनं कंपासपेटी मागितली, मी तिला पृथ्वीचा गोल दिला. आणि त्याच दुपारी कुणीतरी लिहिलं, ‘सर, तुमच्यासारखं सांगणारा माणूस पाहिला नाही. हे ठिकाण नेमकं कुठं आहे?’

मी पत्ता नुसता दिला नाही, पत्त्याचं कीर्तन केलं. पिशोरचा मोडका पूल, तिथून डावीकडं दोन बाभळी, बाभळींखालून ओढ्यात उतरणारी पायवाट. शेवटी हात जोडलेलं चित्रही टाकलं.

चार दिवसांनी मामाचा फोन आला. आधी मोटरसायकली आल्या म्हणाला, पोरांनी झिऱ्यात पाय सोडून व्हिडिओ काढले. मग कुणीतरी पिकअपमधून टाकी आणली, मोटर लावली आणि तळाचा गाळसुद्धा ओढून नेला. मेंढरं तहानलेली परत आली होती. हे सगळं त्यानं आवाज न चढवता सांगितलं.

“भाच्या, तू कुणाला सांगतलं?”

“सगळ्यांना, मामा.”

“मला नाय इचारलं.”

मी व्हिडिओ पुसून टाकला. पण तोवर लोकांनी तो उचलून त्यावर गाणी चढवली होती. मामाची वाकलेली पाठ त्याला न ओळखणाऱ्या माणसांच्या खिशाखिशांतून फिरत होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं पिशोर गाठलं. मामीनं माझा फोन घेतला आणि ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून पुरून टाकला. मामानं फावडं दिलं. वाळूखाली पाणी चालत असतं, म्हणाला, वरच्या वळणाला बघू.

पहिला खड्डा छातीएवढा खणला. कोरडा. मेंढरं काठावर उभी होती, ओरडतही नव्हती, आणि तेच मला सोसवेना. घाम पुसायला थांबलो की माझा हात आपोआप रिकाम्या खिशात जाई. मामा बघत होता.

“खाज सुटली व्हय रं?”

दुसऱ्या खड्ड्यात कमरेएवढ्या खोलीवर वाळू ओली लागली. आता बस, म्हणाला. आम्ही बसलो. आधी वाळूचा रंग काळवंडला. मग नखाएवढी चकाकी आली, मग तळहाताएवढी. मी दोनदा गोष्ट सुरू केली, दोन्ही वेळा मामानं हातानंच गप्प केलं. फोन विकत घेतल्यापासून एकाच गोष्टीकडं इतका वेळ मी पाहिलं नव्हतं, आणि सांगतो, तिथं बघण्यासारखं पुष्कळ होतं. मुंग्यासुद्धा आमच्या आधी पोचल्या होत्या. ऊन डोक्यावर आलं तेव्हा पहिली बादली भरली आणि एका म्हाताऱ्या मेंढीनं थेट तिच्यात तोंड घातलं. मामानं जुना झिरा वाळूनं बुजवला आणि नव्यावर बोरीच्या काट्या टाकल्या. कळप त्या उन्हाळ्यात बाजारात गेला नाही.

कणगीतून निघालेल्या फोनच्या भोकांत ज्वारीचा कोंडा बसला होता, पण तो चालू होता. गाणी चढवलेल्या व्हिडिओखाली लोक अजून विचारत होते, कुठं आहे हो हे? मी एकेकाला प्रेमानं उत्तर दिलं. मोडका पूल, डावीकडं दोन बाभळी. एका शब्दाचं खोटं नाही, फक्त एक दिवस मागं.

मामाला ही उत्तरं वाचून दाखवली तेव्हा त्यानं पहिल्यांदा मला शाबास म्हटलं. आणि तुम्ही वर वाचलेलं वरचं वळण मनात टिपून घेतलं असेल, तर सांगून ठेवतो: त्यानंतर मामानं झिरा आणखी एकदा हलवला आहे.