साहेब येईपर्यंतचा रस्ता

मढला आमच्या भाताच्या खाचरात जायची वाट तात्यांच्या बांधावरून जाते. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे चुलतभाऊ. माझ्या लग्नात त्यांना मानाची टॉवेल-टोपी द्यायची राहून गेली. झालं. तात्यांनी वाटेवर करवंदीच्या काट्या आणून टाकल्या. आप्पांना, म्हणजे वडिलांना, ओढ्यातून वळसा घालून जावं लागायचं आणि त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. वाट मिळाली नाही तर खाचर पडीक पडणार, इतकी सरळ गोष्ट होती.

आप्पांनी जुन्नरला मामलेदार कोर्टात केस टाकली. हे कोर्ट इंग्रजांनी घालून दिलेलं. तिथं न्यायाधीश नसतो, तहसीलदारच न्याय देतो. कुणी शेताची वाट अडवली तर त्यानं यायचं, डोळ्यांनी बघायचं आणि निकाल द्यायचा. पूर्वी गोरा साहेब घोड्यावरून यायचा, गावाबाहेर तंबू ठोकायचा, आणि त्याच्या आधी गाव वाट झाडून ठेवायचं. इंग्रज गेला, पण वाट झाडायची खोड काही गेली नाही.

स्थळपाहणीची नोटीस आली आणि पाहणीच्या दिवशी तात्यांनी सकाळीच काट्या उचलायला घेतल्या. मी मुद्दाम रजा टाकून आले होते. म्हटलं, "तात्या, साहेबांना अडथळाच दाखवायचाय, तुम्ही तोच काढताय?"

"मग साहेबाची गाडी पंचर करू का? गावाची अब्रू हाय का न्हाई?"

मी आप्पांकडे पाहिलं. फिर्यादी स्वतः खाली वाकून उरलेसुरले काटे वेचत होते. मी कपाळावर हात मारून घेतला.

साहेबांचा चहा कुणाच्या घरी, यावरून मात्र दोघांचं रीतसर भांडण झालं. साहेब आलेच नाहीत. माळशेज घाटात दरड कोसळली म्हणून ते तिकडे गेले, आणि पुढची तारीख कळवू असा निरोप आला. आता साहेब कधीही येऊ शकतात, म्हणून तात्यांना काट्या परत टाकता येईनात. त्या साली आमचं भात सरळ वाटेनं घरी आलं. तात्या बांधावर बसून बघत होते.

तेव्हापासून आमच्याकडे उलटी गंगा वाहू लागली. तारखेची कुणकुण लागली की आप्पा माझ्या स्कूटीवर बसून कचेरीत यायचे आणि हात जोडून सांगायचे, "साहेब, लई घाई न्हाई. सवडीनं या." एकदा तिथल्या कारकुनानं मला बाजूला घेऊन विचारलं, वडिलांची तब्येत बरी आहे ना? न्याय नको म्हणणारा फिर्यादी त्यानं पाहिला नव्हता. मला लाज वाटायची, रागही यायचा. पण आप्पा काठी टेकत खाचरावरून हसत परत यायचे, तेव्हा त्यांना काही बोलायची माझी छाती व्हायची नाही.

यंदा नवीन साहेब आले. तरुण आणि कामसू. जुनी प्रकरणं निकाली काढायचा त्यांनी सपाटाच लावला होता. असा साहेब देवानं वैऱ्यालाही देऊ नये. ते सांगितल्या दिवशी आले, दोन्ही घरचा चहा प्याले, गाडी थेट खाचरापर्यंत नेली आणि पंचनामा लिहून घेतला. थोड्याच दिवसांत निकाल हातात पडला. रस्ता खुला आहे, कोणताही अडथळा आढळला नाही, सबब अर्ज फेटाळण्यात येत आहे.

आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत.

संध्याकाळी तात्या काट्यांची मोळी ओढत आले. आप्पा वाटेच्या तोंडाशी उभे होते, मी त्यांच्या शेजारी. केस जिंकूनही तात्यांचा चेहरा पडलेला. पण जिंकलेल्या माणसानं वाट सोडली तर गाव तोंडावर हसेल, हे त्यांना ठाऊक होतं आणि आम्हालाही. त्यांनी मोळी बांधाच्या कडेला ठेवली, घाम पुसला आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "दादा, वर प्रांताकडं दाद मागता येती म्हणं. उद्या सकाळीच जा. तू येईस्तवर मी काय ह्या काट्या टाकीत न्हाई."

आप्पांनी नुसती मान हलवली.

"आन् ह्या बारीला," तात्या म्हणाले, "तारीख लांबची माग."